वाफ्याची कड

गेल्या दिवाळीला मुलगा, सून आणि नातू पुण्याहून आले होते. भाऊबीज आटोपून परत निघताना मुलाने गाडी मागे घेतली आणि मागचं चाक फुलांच्या वाफ्याच्या कडेवर चढलं. कड तशी आधीच तीन ठिकाणी फुटलेली होती, आता चौथ्या ठिकाणीही फुटली. एक मोठा तुकडा शेवंतीवर कलंडला. मुलगा खाली उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आई, आता हे सगळं काढूनच टाकू. अख्ख्या अंगणाला पेव्हर ब्लॉक घालून घेऊ. धूळ नको, चिखल नको, तुला झाडायलाही सोपं. फुलं काय, कुंड्यांत लाव की पाहिजे तेवढी."

त्याचं बोलणं काही वावगं नव्हतं. माझे गुडघे दुखतात, नळाला पाणी चार दिवसांनी येतं, आणि आमच्या गल्लीतल्या बारा घरांपैकी नऊ घरांची अंगणं अशीच झाली आहेत. तरी मी म्हटलं, "मला पंधरा दिवस दे, मग सांगते." पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला की ही एक खोड लागते. काही पाडायचं म्हटलं की ते कुणी, कधी आणि कशासाठी बांधलं हे आधी विचारल्याशिवाय चैन पडत नाही. मग तो किल्ल्याचा बुरूज असो नाहीतर टीचभर उंचीची काँक्रीटची कड.

शिवाय त्या कडेबद्दल एक गोष्ट मी मुलाला कधीच सांगितली नव्हती. ती आज इथे लिहिणार आहे, पण ओघात तिची जागा आली की मगच.

आधी कड कशासाठी असते ते बघू. आपल्याला वाटतं शोभेसाठी. खरं कारण माती आणि पाणी. वाफ्यात घातलेलं पाणी वाफ्यातच मुरावं, माती वाहून पायवाटेवर येऊ नये, आणि पायवाटेवरची हरळी आत शिरू नये, एवढ्यासाठी ती घालायची. शेतकऱ्याचा बांध आणि बागेतली कड या सख्ख्या बहिणी. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या मुलखात तर पाण्याला काठ घालणं हीच मोठी विद्या. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, त्याच्या काठावर आजही आपलं गाव फिरायला जातं. शेजारी बहामनी काळातला भुईकोट किल्ला उभा आहे. हे सगळं बांधलं तेव्हा आजच्या अर्थाचं सिमेंट जगात नव्हतं. दगड होता आणि चुना होता.

चुन्याचं काम आमच्या पिढीने शेवटचं पाहिलं असावं. चुनखडी भट्टीत भाजायची, ती पाण्यात भिजवायची, वाळू किंवा विटांचा चुरा मिसळायचा आणि मग घाणीत मळायची. जमिनीत गोल दगडी चर, त्यात फिरणारं जड दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला बैल. पडक्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या आसपास अशी चाकं अजून पडलेली दिसतात, मुलं त्यांच्यावर बसून खेळतात. हा चुना सावकाश घट्ट होतो. हवेतला कर्बवायू शोषून घेत वर्षानुवर्षं पुन्हा दगड होत जातो. वाड्यांना, विहिरींना, तळ्यांना तो पुरला. पण चार झेंडूंसाठी एवढा खटाटोप कोण करणार? घराघरांत फुलझाडांना मातीचं आळं असायचं, फार तर भोवती नदीतले गोटे.

रांगेत आखलेले वाफे आणि त्यांना सरळ कड ही पद्धत आपल्याकडे रुळली ती मुख्यतः साहेबांचे बंगले, रेल्वे स्टेशनं, कचेऱ्या आणि शाळा यांच्या आवारांतून. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात वाफ्यांना भाजलेल्या मातीच्या खास कडा मिळत, वरच्या बाजूला दोरखंडासारखा पीळ असलेल्या. आपल्याकडे साधी वीटच कामाला आली. विटा तिरक्या करून अर्ध्या जमिनीत पुरायच्या, म्हणजे करवतीचे दात दिसतात तशी कड तयार होते. तुमच्यापैकी ज्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालं आहे त्यांना ही कड डोळ्यांसमोर आली असेल! पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी त्या विटांना रंग देण्याचं काम ठरलेलं. एक वीट चुन्याने पांढरी, एक गेरूने लाल. आमच्या शाळेत हे काम नववीच्या मुलींकडे असायचं. शिपाईमामा काथ्याचे कुंचले करून द्यायचे. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलींच्या गणवेशावर गेरूचे डाग, आणि प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापिकाबाईंची बोलणी.

सोलापुरात विटेच्या बरोबरीने आणखी एक वस्तू कडेला लागली, ती म्हणजे शहाबादी फरशी. मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गुलबर्गा (आता कलबुर्गी) मागे टाकलं की शहाबाद येतं. तिथला चुनखडीचा दगड थराथराचा असतो. वहीची पानं सुटावीत तशा त्याच्या फरश्या निघतात. आमच्या पिढीचं सोलापूर याच फरशीवर रांगलं. घरात फरशी घातली की फुटके तुकडे उरायचे, ते मातीत उभे रोवले की झाली वाफ्याची कड. माझ्या माहेरी मोगऱ्याभोवती अशीच होती. पायाला लागली की मात्र चांगलंच रक्त निघायचं. (माझ्या धाकट्या भावाच्या घोट्यावरची खूण अजून आहे, तो हे वाचेलच.)

आता गंमत बघा. त्याच शहाबादला १९२०च्या दशकात सिमेंटचा कारखाना उभा राहिला, कारण सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडीचाच दगड. म्हणजे दगड एकच. तासला तर फरशी, भाजून दळला तर सिमेंट.

सिमेंटचा जन्म तसा अलीकडचा. १८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून, दळून केलेल्या भुकटीचं पेटंट घेतलं. घट्ट झाल्यावर ती पोर्टलंड इथल्या प्रसिद्ध बांधकामाच्या दगडासारखी दिसते म्हणून त्याने तिला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. साधा चुना हवेने घट्ट होतो, सिमेंट पाण्यामुळे घट्ट होतं, अगदी पाण्याखालीसुद्धा. आणि चुन्याला जे साधायला महिने लागतात ते सिमेंट काही दिवसांत करून दाखवतं.

पण मला खरा चकित करणारा माणूस पुढचा. सिमेंट, वाळू आणि खडीचं काँक्रीट दाब सोसतं पण ताण सोसत नाही, वाकवलं की मोडतं. त्यात लोखंड घालायची कल्पना ज्यांना सुचली त्यांच्यात एक नाव फार महत्त्वाचं आहे, जोसेफ मोनिए. हा फ्रान्समधला माळी होता! झाडं लावायच्या मोठ्या कुंड्या त्याला हव्या होत्या. लाकडाच्या कुंड्या कुजायच्या, मातीच्या फुटायच्या. म्हणून त्याने लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपून कुंड्या केल्या आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याने नळ, टाक्या आणि पूल यांचीही पेटंटं घेतली. त्याच्या पद्धतीचे हक्क घेऊन जर्मनीतल्या अभियंत्यांनी मोठमोठी बांधकामं केली, मोनिएच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही. १९०६ साली तो गरिबीतच गेला. आज आपण ज्या आरसीसीच्या स्लॅबखाली झोपतो तिचं एक मूळ असं फुलझाडाच्या कुंडीत आहे.

आपल्या देशात सिमेंटचं यशस्वी उत्पादन सुरू झालं १९१४ साली पोरबंदरला. १९३६ साली शहाबादसह अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही मोठी कंपनी झाली. पण सिमेंट निघू लागलं म्हणून ते सामान्य माणसाच्या दारात आलं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्याचा भाव आणि वाटप आपल्या हातात घेतलं. स्वातंत्र्यानंतर धरणं, पूल, कारखाने यांना आधी सिमेंट हवं होतं आणि ते योग्यही होतं. १९६६-६७च्या सुमाराचा थोडा काळ सोडला तर हे नियंत्रण चाळीस वर्षं टिकलं. घर बांधायचं तर अर्ज करायचा, परवाना मिळवायचा आणि परवान्यावर लिहिलेली पोती सरकारी भावाने उचलायची.

आमच्या घराची गोष्ट इथे सुरू होते.

होटगी रस्त्याच्या बाजूला सोसायटीत आम्हाला प्लॉट मिळाला होता. १९८१ साली दोघांच्या पगारावर कर्ज काढून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक ओसरी एवढं बांधायला काढलं. सिमेंटच्या परवान्यासाठी आमच्या यांनी किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कोटा संपलेला, कधी नकाशावर शिक्का नाही. अखेर परवाना आला तो मागितल्यापेक्षा कमी पोत्यांचा. भिंती झाल्या, स्लॅबची सळई बांधून झाली, आणि हिशेब केला तर पाच पोती कमी पडत होती. पावसाळा तोंडावर आलेला. सळई उघड्यावर गंजत होती, भाड्याच्या घराची मुदत संपत होती, मुलगा तीन वर्षांचा.

आमचे गवंडीमामा तेलुगू बोलणारे, मोठे कसबी आणि मनाने सरळ. तेच एका संध्याकाळी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, ब्लॅकमधे मिळतंय. किती पाहिजे बोला." आम्ही रात्रभर बोललो. सकाळी माझ्या दोन बांगड्या मोडल्या आणि सहा पोती घेतली. पाच हवी होती, पण मामा म्हणाले एक जास्त असू द्या, स्लॅब चालू असताना कमी पडलं तर सगळंच वाया जाईल. सरकारी भावापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले. पावती अर्थातच नव्हती. पोती रात्री आली, गोणपाटाखाली झाकून.

स्लॅब झाला आणि एक पोतं उरलं. सिमेंटचं पोतं ठेवून देता येत नाही, दमट हवेने त्याचे गठ्ठे होतात. दिवाळीच्या सुट्टीत यांनी ठरवलं की अंगणात फुलांचा वाफा करू आणि त्याला पक्की काँक्रीटची कड घालू. मामांनी सेंट्रिंगच्या फळ्या दिल्या. आम्ही दोघांनीच घमेल्याने माल कालवला आणि एकवीस फुटांची सलग कड एका दिवसात ओतली. ओली असताना यांनी खिळ्याने तिच्यावर "दिवाळी ८१" असं कोरलं. त्या काळी काँक्रीटची कड म्हणजे काय चैन होती हे आज सांगून खरं वाटणार नाही. शेजारच्या वहिनी मुद्दाम बघायला आल्या होत्या.

महाराष्ट्रात तेव्हा दुसरंच वादळ चाललं होतं. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्याशी संबंधित ट्रस्टांना बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्या बदल्यात त्यांना सिमेंट मिळालं, असा आरोप १९८१च्या ऑगस्टअखेर 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी केला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि १२ जानेवारी १९८२ला अंतुले यांनी राजीनामा दिला. त्यानंतरचे खटले पुढे अनेक वर्षं चालत राहिले.

सोलापूरकराला ही तारीख वेगळी सांगायला नको. १९३० सालच्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या आपल्या चौघांना येरवड्याला फाशी दिलं तो दिवस १२ जानेवारी १९३१. त्या दिवशी सकाळी शाळेत मी नेहमीप्रमाणे चार हुतात्म्यांवर बोलले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र हातात आलं. गड्ड्याची यात्रा सुरू होती, गाव नंदीध्वजांच्या मागे लोटलेलं, आणि जो तो सिमेंटबद्दल बोलत होता.

यात्रेची सुट्टी संपल्यावर नागरिकशास्त्राच्या तासाला मी दहावीच्या मुलींना हा निकाल समजावून सांगितला. न्यायसंस्था स्वतंत्र का असावी याचं ताजं उदाहरण, बाई अगदी रंगात आलेल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरचं बांधकाम सिमेंटवाचून अडलं होतं हे मला पुढे कळलं. तिने साधेपणाने विचारलं, "बाई, तुमचं घर तर पूर्ण झालं. तुम्हाला सिमेंट कुठून मिळालं?"

मी म्हटलं, "परवान्यावर."

खोटं नव्हतं. धर्मराजाचं "नरो वा कुंजरो वा" तरी कुठे खोटं होतं? ती "हो बाई" म्हणून खाली बसली. बाकीच्या मुली वहीत न्यायसंस्थेची वैशिष्ट्यं लिहू लागल्या.

आमच्या सहा पोत्यांची तुलना मी राज्याच्या मोठ्या प्रकरणाशी करत नाही. पण इतिहास शिकवताना टंचाईच्या काळाबद्दल आपण नेहमी वरच्या माणसांची नावं सांगतो, खालचा भाग सोडून देतो. टंचाई चालते ती आमच्यासारख्या हजारो भल्या माणसांच्या जोरावर. अडलेले असतात, घाबरलेले असतात आणि रात्री गोणपाटाखाली पोती उतरवून घेतात. आम्ही घेतलेली सहा पोती कुणाच्या तरी परवान्यावरची होती, कदाचित त्या मुलीच्या वडिलांच्या. हे मला त्या वेळीही कळत होतं.

पुढे लगेच, म्हणजे फेब्रुवारी १९८२च्या अखेरीस, केंद्र सरकारने सिमेंट अंशतः खुलं केलं. कारखान्यांना मालाचा काही हिस्सा बाजारभावाने विकायची मुभा मिळाली. १९८९मध्ये नियंत्रण पूर्ण उठलं. नवे कारखाने निघाले, परवान्याच्या रांगा संपल्या, काळा बाजार आपोआप बसला. हे फार चांगलं झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन एक पोतं मागितलं तर मुलगा स्कूटरवर टाकून आणून देतो, कुठलाही कागद न मागता.

मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली, जी मला आत्ता हे सगळं आठवताना पहिल्यांदा लक्षात आली. सिमेंट दुर्मिळ होतं तोवर ते काठावर राहिलं. स्लॅब, पायरी, टाकी, वाफ्याची कड, जिथे त्यावाचून चालणार नाही तिथेच घमेल्याने मोजून पडायचं. मुबलक झालं आणि त्याने काठ ओलांडला. आधी ओसरीसमोर चार फूट कोबा आला, मग तुळशीभोवती, मग फाटकापर्यंत, मग गल्लीत दोन्ही भिंतींना भिडेपर्यंत. ज्या माळ्याने कुंडीसाठी काँक्रीट वळवलं त्याने हे पाहिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे. पाऊस मुळात कमी, त्यातला अंगणात मुरणारा वाटा आता गटारात जातो, आणि उन्हाळ्यात पारा चव्वेचाळिसाकडे सरकला की तापलेला कोबा रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. आमच्या गल्लीत नव्या बोअर दरवेळी आधीपेक्षा खोल जातात आणि वर मात्र आम्ही जमिनीचं तोंड बंद करत चाललो आहोत.

तेव्हा पंधरा दिवसांनी मुलाला फोन करून सांगितलं, "अंगण मातीचंच राहील. गाडीच्या चाकांखाली शहाबादीच्या दोन पट्ट्या घालू, म्हणजे चिखल होणार नाही. आणि कड मी नवी करणार आहे." तो आधी हसला. मग म्हणाला, "तू स्वतः?" नातू मागून ओरडला, "आजी, मी येतो!" आणि नाताळच्या सुट्टीत तो खरंच आठवडाभर एकटा आला.

काम सुरू करण्याआधी गवंडीमामांच्या मुलाला बोलावलं. मामा आता नाहीत, मुलगा ठेकेदारी करतो. त्याने जुनी कड बघितली आणि म्हणाला, "बाई, काँक्रीटचा काय दोष नाही हो. काळ्या मातीवर डायरेक्ट ओतलं की फुटणारच. ही माती उन्हाळ्यात तोंड उघडते, पावसात फुगते. एकवीस फूट सलग, मधे सांधा नाही. ती हलली की हे मोडणार." म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं मी ज्याला म्हातारपण समजत होते तो पहिल्या दिवसाचाच दोष होता.

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी आम्ही काय केलं ते सांगते. दोरी लावून सहा इंच रुंद, दहा इंच खोल चर खणला. काळी माती काढून टाकली आणि तळाला सहा इंच मुरूम घालून, पाणी मारून धुम्मसने ठोकला. खणणं आणि ठोकणं नातवाचं, मी खुर्चीवर बसून हुकूम सोडणार. मग चार इंचांचं अंतर ठेवून दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या केल्या, खुंट्यांनी पक्क्या केल्या आणि आतून जुनं तेल लावलं, म्हणजे फळी सुटून येते. माल एकास दोनास चार, एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, म्हणून दगड दळून केलेली वापरली. आधी कोरडं कालवायचं, मग पाणी बेताबेताने. पाणी जास्त झालं की काम सोपं होतं पण काँक्रीट कच्चं राहतं, स्वयंपाकात जसं होतं तसंच. हातमोजे जरूर घाला, सिमेंटने हात सोलतात. आठ इंच उंच ओतलं, चार इंच जमिनीत आणि चार वर, सळईने खुपसून आतली हवा काढली. दर तीन फुटांवर फळीचा पातळ तुकडा आडवा घातला, म्हणजे सात वेगळे तुकडे होतात. माती हलली तरी ते सांध्यातच हलतील. जादा पाणी बाहेर पडायला खाली दोन ठिकाणी नळीचे तुकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या आणि ओलं गोणपाट घालून दहा दिवस पाणी मारलं. पाणी चार दिवसांनी येत असल्यामुळे भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून तेच वापरलं. नव्या काँक्रीटचा चुना काही दिवस मातीत उतरतो, म्हणून कडेलगत लगेच नाजूक रोपं लावली नाहीत, कंपोस्ट घालून जागा तशीच ठेवली.

सिमेंट किती लागलं? तेव्हासारखंच, एक पोतं. या वेळी पावती घेतली आणि ती फाइलला लावून ठेवली. नातवाला त्याचं फार हसू आलं. "आजी, एका पोत्याची पावती कशाला?"

तेव्हा ओसरीवर बसून त्याला सगळं सांगितलं. बांगड्या, गोणपाट, मागच्या बाकावरची मुलगी, सगळं. चौदा वर्षांच्या मुलाला सिमेंटचा परवाना ही कल्पनाच समजावून द्यायला अर्धा तास गेला. मग बराच वेळ तो गप्प होता. शेवटी म्हणाला, "पण तू तेव्हा वर्गात खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

मी विचार केला. नोकरीवर आलं असतं का? कदाचित. मुलींच्या मनातून उतरले असते का? कदाचित. पण न्यायसंस्थेच्या पाच वैशिष्ट्यांपेक्षा त्या तासाला त्या जास्त काही शिकल्या असत्या, एवढं नक्की. तसंच त्याला सांगितलं. रात्री मुलाला फोनवरही सांगितलं. तो म्हणाला, "बाबांनी मला हे सांगितलं होतं, आई. तुला सांगू नको म्हणाले होते, तुला वाईट वाटेल म्हणून." म्हणजे एवढी वर्षं आम्ही तिघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो.

जुन्या कडेचे तुकडे खड्डा भरायला गेले. "दिवाळी ८१" लिहिलेला तुकडा नळाखाली बसवला आहे, बादली ठेवायला चांगला आहे. शेवंतीचा एक कोंब वाचला, त्याला पालवी आहे.

मागच्या बाकावरची ती मुलगी आता साठीच्या आसपास असेल. माझ्या पुष्कळ विद्यार्थिनी इथे येऊन वाचतात, त्यांच्यात तीही असेल तर तिच्यासाठी लिहिते. त्या दिवशी बाईंनी तुला पूर्ण उत्तर दिलं नव्हतं. परवान्याचं सिमेंट पुरलं नाही, तेव्हा सहा पोती आम्ही काळ्या बाजारातून घेतली होती. तू विचारलंस ते बरोबर होतं. उत्तराला उशीर झाला.

असो. उद्या पाण्याचा दिवस आहे, लवकर उठायचं आहे.